आधी तिच्या भाषेत विचारा

"एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी सांगा."

हा प्रश्न माझ्या आईला तेलुगूत विचारला गेला. आई म्हणाली, "कुक्का, पिल्ली, आवू..." मग थांबली. "मेका... कोती... एनुगू." आणि पुन्हा थांबली. समोरच्या मॅडमच्या हातात स्टॉपवॉच होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला बोलायची परवानगी नव्हती. मिनिट संपलं. कागदावर लिहिलं गेलं : सहा. आणि खाली शेरा, अपेक्षेपेक्षा बरंच कमी.

त्याच दिवशी संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती. मी ओट्याशी उभी राहून मोबाइलवर टायमर लावला आणि तोच प्रश्न मराठीत विचारला. लाटणं न थांबवता ती सुरू झाली : गाय, म्हैस, रेडा, वासरू, शेळी, बोकड, मेंढी, उंदीर, घूस, मुंगूस... सतरा झाले. वर विचारते, "अन् सरडा चालतो का गं?"

खरं सांगायचं तर हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हता. एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की उत्तर थोडं सुधारतंच, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात कुणालाच घाम फुटत नाही. मी मानसशास्त्र विषय घेतलाय, त्यामुळे एवढं मला कळतं. पण सहा आणि सतरा यांच्यातलं अंतर नुसत्या सरावानं भरून निघत नाही. ते अंतर भाषेचं होतं. आणि सही-शिक्क्याच्या फायलीत मात्र सहा हाच आकडा गेला.

आपल्या मंडळाच्या ई-अंकात कविता, कथा, पुस्तक-परिचय असतात. त्यात मेंदूच्या आजारावरचा लेख कशाला, असं काही जणांना वाटेल. मलाही वाटलं होतं. पण हा विषय शेवटी भाषेपाशीच येऊन थांबतो, म्हणून लिहिते आहे.

आधी आजार काय ते सांगते. शाळेत आपण शिकलो की धमन्यांतून रक्त येतं, बारीक बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यातून झिरपतं आणि शिरांतून परत जातं. केशवाहिन्यांमुळे धमनीतला जोर कमी होतो. काही माणसांच्या मेंदूत एखाद्या जागी हे जाळंच नसतं. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या असतात आणि तिथे रक्तवाहिन्यांचा एक गुंता तयार होतो. डॉक्टर त्याला एव्हीएम म्हणतात. शिरांची भिंत पातळ, त्यावर धमनीचा जोर. कधी काहीच होत नाही, कधी फिट येते, कधी भिंत फुटून रक्तस्राव होतो. ढोबळमानानं असा धोका दरवर्षी शंभरात दोन ते चार धरतात. एकदा फुटल्यानंतरच्या वर्षात तो जास्त असतो. म्हातारपणाचा हा आजार नव्हे. ऐन तिशी-चाळिशीत, कामाच्या धबडग्यात असलेल्या माणसाला तो गाठतो.

आईला त्यानं गाठलं तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती आणि मी इंटरच्या पहिल्या वर्षाला होते. काचीगुड्यात आमच्या घरून डबे जातात. तेव्हा बावीस डबे होते. कुणाला भात नको, कुणाला तिखट कमी, कुणी महिन्याचे पैसे दोन हप्त्यांत देणार. सगळा हिशोब आईच्या डोक्यात. श्रावणातल्या एका दुपारी "डोकं फुटतंय गं" म्हणत ती खाली बसली आणि उलट्या सुरू झाल्या. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, खोलवर रक्त साकळलेलं दिसलं. रक्तस्राव लहान होता, ती वाचली. बारा दिवसांनी घरी आली. पुढच्या तपासण्यांत कळलं की मुळाशी हा गुंता आहे, आणि तो राहिला तर पुन्हा फुटू शकतो.

जागा खोल आणि बोलण्याच्या केंद्राजवळची. कवटी उघडून तो काढणं धोक्याचं, म्हणून रेडिओसर्जरी सुचवली गेली. संक्रांत झाल्यावर आम्ही दुसऱ्या शहरात जाऊन ती करून आणली.

नावात सर्जरी असली तरी यात सुरी नसते, टाकेही नसतात. लार्स लेक्सेल नावाच्या स्वीडिश मेंदूशल्यविशारदानं 1951 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1960च्या दशकाच्या शेवटी 'गामा नाइफ' हे यंत्र उभं केलं. कोबाल्ट-60 पासून निघणारे सुमारे दोनशे बारीक किरणझोत वेगवेगळ्या दिशांनी येऊन एकाच बिंदूवर मिळतात. एकेकटा झोत इतका सौम्य की वाटेतल्या पेशींना फारसं काही होत नाही. सगळे मिळतात तिथेच मोठा मार बसतो. भिंगानं ऊन गोळा करून कागद जाळायचा खेळ आपण लहानपणी खेळलोय, साधारण तसंच. आपल्या देशात ही सोय 1997 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये आली. आता ती आणखी बऱ्याच ठिकाणी आहे, आणि हेच काम करणारी दुसऱ्या जातीची यंत्रंही आहेत.

किरणांनी गुंता त्या दिवशी नाहीसा होत नाही, हे मात्र घरच्यांना नीट समजलेलं नसतं. किरणांमुळे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते, भिंत हळूहळू जाड होत जाते आणि दोन-तीन वर्षांत आतली वाट बुजते. लहान गुंते बहुतेक वेळा पूर्ण बंद होतात. तोवर रक्तस्रावाचा धोका शिल्लक असतो. शिवाय या मधल्या काळात बऱ्याच जणांच्या स्कॅनमध्ये, साधारण तिघांत एकाच्या, त्या जागेभोवती सूज किंवा बदल दिसतात. त्यातल्या थोड्यांनाच त्रास होतो आणि कायमचा त्रास फारच थोड्यांना.

आमच्या घरात त्रास सुरू झाला, निदान आम्हाला तसं वाटलं. आई शब्दासाठी अडखळायला लागली. "ते हे दे ना... ते..." म्हणत हात हलवायची, आणि तिला हवा असायचा झारा. बोलता बोलता मधूनच तेलुगू शब्द घालायची. एका डब्यात दोनदा भाजी आणि दुसऱ्यात नुसत्याच पोळ्या गेल्या. आजी म्हणाली, "त्या मशीननं डोस्क्यात करंट दिला, तवापासून ही अशी झाली." बाबा गप्प. मी आजीच्या बाजूची. मीच आईला म्हणायचे, "तू कशाला हो म्हणालीस त्या मशीनला?" वर्षभर मी हे वेगवेगळ्या शब्दांत तिला ऐकवलं. आज ते आठवलं की लाज वाटते.

लाज का वाटते, तर मागच्या दिवाळीत फडताळ साफ करताना मला एक वही सापडली. शंभर पानी, निळ्या कव्हरची. आई डब्यांचा हिशोब वहीत लिहिते हे मला माहीत होतं. वही तिच्या ओट्यावर कायम असते. ही त्यातली पहिली. पहिल्या पानावर दसऱ्यानंतरच्या सोमवारची तारीख. खाली बावीस नावं, पुढे "भात नको", "तिखट कमी", "पैसे अर्धे आले". तीन नावं खोडून पुन्हा लिहिलेली. एका नावापुढे प्रश्नचिन्ह.

मी कितीतरी वेळ त्या तारखेकडे बघत बसले. दसरा म्हणजे रक्तस्रावानंतरचा. किरणं त्यानंतर तीन महिन्यांनी, संक्रांत उलटल्यावर. आजवर सगळं डोक्यात ठेवणाऱ्या बाईला वहीची गरज पडली ती मशीनच्या आधी. म्हणजे जे काही हललं होतं ते रक्तस्रावानं हललं होतं. आईला ते कळलं होतं. तिनं कुणालाही न सांगता वही आणली होती. आणि आम्ही मात्र दोष ठरवून मोकळे झालो होतो.

वहीनं मशीनला पूर्ण निर्दोष सोडलं असंही नाही. किरणांनंतर सात-आठ महिन्यांनी आईच्या स्कॅनमध्ये सूज दिसली होती, औषधं द्यावी लागली होती. त्या काळातल्या पानांवर खाडाखोड वाढलेली दिसते, नंतर ती कमी होते. मग किती रक्तस्रावानं, किती सुजेनं, किती फिट येऊ नये म्हणून चालू असलेल्या गोळ्यांच्या गुंगीनं, आणि किती नुसत्या भीतीनं? हे आज कुणीच सांगू शकत नाही. कारण किरणं देण्याआधी आईची स्मरणशक्ती, लक्ष, शब्दसंपत्ती कुठे होती हे कुणी मोजलंच नव्हतं. गुंत्याची लांबी-रुंदी मात्र मिलिमीटरमध्ये मोजून ठेवली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. मेंदूवर किरणं देण्याआधी माणसाच्या आकलनाची चाचणी व्हायला हवी, ती त्याच्या स्वतःच्या भाषेत व्हायला हवी, आणि नंतर ठरावीक काळानं त्याच भाषेत पुन्हा व्हायला हवी. ही ऐषआरामाची गोष्ट नाही, उपचाराचाच भाग आहे.

"मशीननं बुद्धी जाते" ही भीती कुठून येते ते समजून घेऊ. ती अगदीच निराधार नाही, पण ती दुसऱ्या उपचाराची आहे. कॅन्सर मेंदूत पसरला की कधी कधी संपूर्ण मेंदूला किरणं देतात. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात यावर एक चाचणी झाली, ती 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. अठ्ठावन्न रुग्ण होते. काहींना नुसती रेडिओसर्जरी, काहींना त्यासोबत संपूर्ण मेंदूला किरणं. चार महिन्यांनी शब्दांची यादी शिकून लक्षात ठेवण्याची क्षमता घसरण्याचं प्रमाण दुसऱ्या गटात 52 टक्के होतं, पहिल्यात 24 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवली. दोन्ही गट कॅन्सरचे होते, त्यामुळे हे आकडे आईसारख्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण एक गोष्ट त्यातून दिसते : एका बिंदूवर किरणं आणि सबंध मेंदूवर किरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या घरांत दोन्हींना एकच शब्द आहे, 'करंट'.

एव्हीएमच्याच रुग्णांबद्दल जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी 2002 मध्ये जे मांडलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी रेडिओसर्जरीच्या आधी चाचण्या घेतल्या आणि नंतर काही वर्षं घेत राहिले. उपचाराआधीच बऱ्याच रुग्णांचं लक्ष आणि स्मरण कमी पडत होतं. उपचारानंतर घसरण दिसली नाही. उलट काही बाबतींत सुधारणा दिसली. हे त्यांना म्हणता आलं, कारण त्यांच्याकडे 'आधी'चा आकडा होता. तो नसता तर तिथल्याही एखाद्या आजीनं मशीनलाच शिव्या घातल्या असत्या.

'आधी'चा आकडा आणखी एका कारणासाठी हवा. ज्यांचा गुंता अजून फुटलेला नाही, दुसऱ्याच कारणानं केलेल्या स्कॅनमध्ये अचानक सापडला, त्यांनी उपचार घ्यावा की नाही यावर डॉक्टरांतच मोठा वाद आहे. 'अरुबा' नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. न फुटलेल्या एव्हीएमचे दोनशेहून अधिक रुग्ण, सरासरी 33 महिने पाहिले. नुसती औषधं घेणाऱ्यांत मृत्यू आणि स्ट्रोक कमी झाले, गुंत्यावर उपचार करून घेणाऱ्यांत जास्त. यावर टीका झाली : इतका कमी काळ पुरेसा नाही, वेगवेगळे उपचार एकत्र मोजले, वगैरे. तो वाद मी सोडवू शकत नाही. मला दिसतं ते वेगळंच. मुख्य मोजमाप होतं मृत्यू आणि स्ट्रोक. जिवंत आहे, हातपाय चालतात, पण झारा हा शब्द सापडत नाही, अशी बाई या मोजमापात 'ठीक' ठरते. निर्णय घेणाऱ्या माणसाला मात्र हाच प्रश्न पडलेला असतो : मी जगेन, पण मी मीच राहीन ना?

आता भाषेकडे येते. हा मुद्दा मांडायला हैदराबादपेक्षा चांगलं शहर नाही. पंजागुट्ट्याच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या निम्समध्ये, डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. विशेष म्हणजे कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला, म्हणजे हा नुसता शिक्षणाचा परिणाम म्हणता येत नाही. पुढे 2016 मध्ये त्याच संस्थेतल्या 608 स्ट्रोकच्या रुग्णांचा अभ्यास आला. स्ट्रोकनंतर आकलन शाबूत राहिलेले लोक बहुभाषिकांत 40.5 टक्के होते, एकभाषिकांत 19.6 टक्के. असाच निष्कर्ष जगात सगळीकडे निघालेला नाही, त्यावर अजून वाद चालू आहे. पण आपल्या शहराच्या रोजच्या बोलण्यातून, घरी एक, बाजारात दुसरी, ऑफिसात तिसरी भाषा या सवयीतून, विज्ञानाला एवढा मोठा प्रश्न मिळाला याचा मला अभिमान वाटतो.

याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. चार भाषांत जगणाऱ्या माणसाची परीक्षा एकाच भाषेत घेतली, आणि तीही त्याच्या तिसऱ्या क्रमांकाच्या भाषेत, तर आपण त्याचा मेंदू मोजतो की त्याची तेलुगू? आई भाजीवालीशी दख्खनीत भांडते, शेजारच्या अक्कांशी तेलुगूत बोलते, नांदेडच्या माहेराशी मराठीत. भेंडीला ती घरातसुद्धा कधी कधी 'बेंडकाया' म्हणते, आणि हे आजाराच्या आधीपासून. मग तेलुगू शब्द मध्येच घालणं हे लक्षण की सवय? मी ते लक्षण समजून घाबरले होते. हैदराबादच्या कुठल्याही मराठी घरात पाच मिनिटं बसलेल्या माणसानं तेही सवयच म्हटलं असतं.

"मग प्रश्नाचं मराठीत भाषांतर करून विचारायचं, त्यात काय अवघड आहे?" असं माझ्या एका मैत्रिणीनं विचारलं. अवघड आहे, आणि इथे साहित्याच्या मुलांना पटेल असं काही सांगता येतं. इंग्रजी चाचणीत एफ, ए, एस या अक्षरांनी सुरू होणारे शब्द सांगायला लावतात. मराठीत कुठलं अक्षर घ्यायचं? 'क' दिलं तर 'का', 'कि', 'कु' चालतील की नाही? कमी शिकलेल्या बाईच्या मनात अक्षर म्हणून काय उभं राहतं? शब्दांची यादी पाठ करायला द्यायची तर प्रत्येक शब्द तितकाच लहान, तितकाच ओळखीचा हवा. 'पालक' लिहिलात तर कुणाला भाजी आठवेल, कुणाला शाळेतली सभा. पुण्यातली 'कोथिंबीर' आमच्या गल्लीत 'कोतमीर' होते. अशा चाचण्या आधी शेकडो निरोगी माणसांवर घेऊन, वय आणि शिक्षणानुसार किती उत्तरं अपेक्षित हे ठरवावं लागतं. तेव्हा कुठे 'कमी' या शब्दाला अर्थ येतो.

हे काम आपल्या देशात होऊ लागलंय. आयसीएमआरनं भारतीय भाषांसाठी आकलन-चाचण्यांचा एक संच तयार करवून घेतला. सुरुवातीच्या पाच भाषा होत्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. काम खरंच मोठं आहे. पण त्या पाचांत मराठी नव्हती. मराठीत चाचण्या नाहीतच असं मी म्हणत नाही. मुंबई-पुण्यात मराठी रुग्णाला मराठीत विचारणारी माणसं मिळतात. प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे. महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस इथल्या रुग्णालयात जातो तेव्हा त्याच्यासमोर तेलुगू, हिंदी, इंग्रजी असे पर्याय येतात आणि तो "चालेल" म्हणतो. आपल्याला "चालेल" म्हणायची फार सवय आहे. आईही "चालेल" म्हणाली होती.

यावर आक्षेप आहेत, तेही मांडते. पहिला : डॉक्टरांकडे वेळ कुठे आहे? बाहेर रांग लागलेली असते, आणि नीट चाचणीला तास-दीड तास जातो. खरं आहे. पण ती मेंदूशल्यविशारदानं घ्यायची नसते, मानसशास्त्रज्ञानं घ्यायची असते. किरणांच्या तारखेआधी आम्ही सहा आठवडे वाट पाहत घरी बसलो होतो. त्यात दीड तास निघाला असता.

दुसरा आक्षेप : संशोधन दिलासा देणारंच आहे, तर रुग्णाला चाचण्यांनी कशाला घाबरवायचं? मला उलटं वाटतं. दिलासा हा सरासरीचा असतो. आई म्हणजे सरासरी नव्हे. तिची आधीची नोंद असती तर एक तर "हे आधीपासून आहे, मशीनमुळे नाही" असं ठामपणे सांगता आलं असतं आणि घरातलं एक वर्षाचं भांडण वाचलं असतं. किंवा "हे नवीन आहे, सुजेमुळे असेल" हे लवकर कळून औषध लवकर मिळालं असतं. दोन्हीकडून फायदा रुग्णाचाच.

तिसरा आक्षेप माझ्या बाबांचा : "जीव वाचला हे काय कमी आहे? वर शब्द मोजत बसायचे?" बाबांना मी उत्तर दिलं नाही, कारण त्यांनी ते रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून काढलेल्या बारा रात्रींच्या जोरावर विचारलं होतं. इथे देते. जीव वाचवणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण आईचं म्हणून जे जगणं आहे त्यात बावीस जणांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवणं आहे, नांदेडच्या मामाला फोनवर टोमणे मारणं आहे, ओव्या म्हणणं आहे. हे सगळं शब्दांनीच होतं. ते सांभाळायचं तर आधी ते किती आहे याची कुणीतरी नोंद करायला हवी.

मग आपण काय करू शकतो? भाषांतर करून चाचणी घेण्याचा शहाणपणा आपण करू नये. मी ओट्याशी केलं ते निदान म्हणून कुणी वापरू नये. पण तीन गोष्टी जमण्यासारख्या आहेत. घरात कुणावर मेंदूचा असा उपचार ठरला, तर आधीच विचारायचं : "आकलनाची चाचणी होणार का, आणि मराठीत होईल का?" विचारल्याशिवाय हे कुणी सुचवत नाही. होणार नसेल तर निदान त्या माणसाचं रोजचं काम कसं चालतं याची तारखेसह नोंद ठेवायची आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवायची : हिशोब कोण करतं, नावं विसरतात का, वाचलेलं लक्षात राहतं का. आईच्या वहीनं हेच केलं, नकळत. तिसरी गोष्ट आपल्या मंडळाची. उद्या एखाद्या संस्थेनं मराठीतल्या चाचण्या हैदराबादच्या मराठी माणसांसाठी तपासून घ्यायचं ठरवलं, तर त्यांना निरोगी माणसं लागतील, आणि इथली मराठी कशी बोलली जाते हे सांगणारे लोक लागतील. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुऱ्यातली आपली घरं आहेत, विवेकवर्धिनीत शिकलेले आजी-आजोबा आहेत, आपण आहोत. आपल्याकडून असं पत्र आधीच गेलं तर? पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे.

आईची तीन वर्षांची तपासणी येत्या संक्रांतीनंतर आहे. गुंता बंद झाला की नाही ते तेव्हा कळेल. आम्ही सगळे त्या चित्राची वाट बघतोय, आजीसुद्धा. तिनं अलीकडे करंटचं नाव काढणं सोडलंय. मी तिला वहीतली तारीख दाखवली होती, ती बराच वेळ चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "मग हिनं सांगितलं का नाही?"

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठं?"

डबे आता अठरा आहेत. वही सातवी चालू आहे.